रफीकभाईंची बुजलेली बारव

रफीकभाई गेल्याचं कळलं तेव्हा मी वर्गात शिकवत होते. माजलगावच्या आमच्या कॉलेजात ते भूगोल शिकवायचे आणि मी इतिहास. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. प्राचार्यांनी मला बाहेर बोलावलं आणि आधी पाण्याचा ग्लास पुढे केला, तेव्हाच मी समजले. हृदयविकाराचा एक झटका आधी येऊन गेला होता, तरी माणूस जाणार असं धरून कोण चालतं... दफनाला पुरुष मंडळी गेली, मी घरात बायकांमध्ये बसले. त्यांच्या बायकोनं, शबानाभाभींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ताई, शेवटपर्यंत त्या बारवेचंच बोलत व्हते." मला त्या घडीला त्या बारवेचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

उपग्रहानं काढलेल्या चित्रांतून जिल्ह्यातल्या जुन्या बारवा म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, तळी, गढ्या हुडकायच्या आणि कुणी त्या बुजवायच्या आत नकाशावर आणायच्या, हे रफीकभाईंचं वेड होतं. मी शिलालेख वाचणारी बाई. मला ती चित्रं ठिगळांच्या गोधडीसारखी दिसायची. त्यांत पिकाची शेतं हिरवी न दिसता लाल का दिसतात, यावरून मी त्यांच्याशी पहिल्याच दिवशी वाद घातला. "लाल म्हंजी जिवंत हाय, ताई," ते म्हणाले, "पान जितकं ताजं, तितकं लाल. तुमी निसत्या भांडखोर हाव." पुढे कितीतरी वर्षं ते मला याच नावानं चिडवत राहिले आणि मीही त्यांना तशी संधी देत राहिले.

ज्या बारवेचं भाभी बोलत होत्या, ती सिंदफणेकाठच्या एका उठलेल्या गावातली. धरण झालं तेव्हा गाव वर माळावर गेलं; जुन्या गावठाणाचा काही भाग पाण्याखाली गेला, उरलेल्याची शेतं झाली. बारवेचं तोंड काट्याकुट्यांत हरवलेलं, पण जुन्या कागदी नकाशावर तिची खूण होती. आजूबाजूला जमिनी सपाट करणारे जेसीबी रोज फिरत होते. जागा नक्की करून तिथं खुणेचे दगड लावले तर ती वाचेल, एवढाच आमचा हिशेब. जुना नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा तर दोन्हींत सापडणाऱ्या, जागच्या न हललेल्या खुणा लागतात. नदीनं वळण सोडलेलं, वाटा मोडलेल्या. रफीकभाईंनी शिवेवरचा दगड धरला आणि मारोतीचं देऊळ धरलं. देऊळ कुठं हलतं, असं तेही म्हणाले आणि मीही. बारवेची खूण जिथं पडली तिथं बाभळींचं रान होतं, दोन-चार घडीव दगडही सापडले. रफीकभाईंनी हौसेनं चुना फासलेले दगड भोवती रोवले. त्या दिवशी परतताना ते मोटारसायकलवर गुणगुणत होते.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला भिंतीवर थाप मारून बोलावलं. पडद्यावर सगळी जमीन कोरडी, नांगरलेली, आणि आमच्या दगडांच्या शेजारच्या शेतात एक चौकोनी लाल डाग. भर उन्हाळ्यात तिथंच तेवढं गवत कशाच्या ओलीवर तगलं होतं? दुसऱ्या दिवशी आम्ही त्या शेताचे म्हातारे मालक बाबुराव यांच्याकडे गेलो.

"हितं खड्डा व्हता, सर. पायऱ्या बी व्हत्या," बाबुराव म्हणाले. "पर तुमी पलीकडं दगड लावले. मंग आमी म्हनलं, खरी बारव ती. ही आपली आशीच आसंल. बुजवली."

"कावून इचारलं न्हाई?" रफीकभाई म्हणाले.

"तुमी मोजून गेलता की."

मी देवळाकडे बोट दाखवून नकाशाचं सांगू लागले, तर म्हातारा शांतपणे म्हणाला, "त्यो मारोती आमीच उचलून वर आनलाय, बाई. पानी चढलं तवा." गाव उठलं की देवही उठतो, हे इतिहास शिकवणाऱ्या मला आणि याच मातीत वाढलेल्या रफीकभाईंना सुचलं नव्हतं. देव जेवढा सरकला त्या मानानं आमची बारव एक शेत सरकली होती. रफीकभाई बांधावर खाली बसले.

त्यांना कुणी बोल लावला नाही. "मी दगड लावलेच नसते तर त्यांनी ती बुजवली नसती," असं ते म्हणायचे. ते खरं होतं. दरवर्षी नव्या मुलांना ते स्वतःची ही चूक नकाशा लावून शिकवायचे आणि तास संपल्यावर खोलीचं दार लावून घ्यायचे. झटका बारवेमुळे आला असं मी म्हणणार नाही. पण तो हसरा माणूस आम्ही आधीच गमावला होता.

बारव उकरू द्या म्हणून ते बाबुरावांकडे जात राहिले. गेल्या पावसाळ्यात म्हातारा कबूल झाला. "एवढा कापूस निघू द्या, मंग उकरू. पर तुमी सोता हुबं ऱ्हायचं. न्हाईतर पुन्ना भलतीकडंच खांदाल." रफीकभाई खूप दिवसांनी मोकळे हसले होते. कापूस वेचून होण्याआधीच ते गेले.

आज मी त्यांच्या खोलीत होते. खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. तेवढ्यात बाबुरावांचा फोन आला. "बाई, सरांचा फोन लागंना. कापसाची पऱ्हाटी उपटलीया, मशीन बी सांगून ठिवलंय. कवा येतेत तेवढं इचारा त्यांना."

मी खुर्चीकडे बघत राहिले... "उद्या," मी म्हणाले. तोंडातून एवढंच निघालं. आता उद्या त्या बांधावर जाऊन म्हाताऱ्याला आधी सर गेल्याचं सांगायचं, आणि मग मशीनवाल्याला दाखवायचं, कुठं खणायचं ते.