दुसऱ्या टबातले मासे

ऐंशीनंतरची गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात मी केमिस्ट होतो. लोखंडावरचं तेल काढायचं नवं रसायन आम्ही बनवत होतो. ते पाण्यातल्या जिवांना कितपत घातक, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पाच टब, प्रत्येकात दहा मासे. पहिल्यात नुसतं पाणी, दुसऱ्यात नाममात्र रसायन, पुढे वाढवत न्यायचं. चार दिवस माशांना खायला द्यायचं नाही, रोज मेलेले मोजायचे.

त्या चार दिवसांत मी धड जेवलो नाही. उठायचं, टबांपाशी जायचं, येऊन बसायचं, की परत उठायचं. पाचव्यातले पहिल्याच दिवशी गेले, तिसऱ्या-चौथ्यातले हळूहळू. दुसऱ्यातले मात्र दहाच्या दहा जिवंत. कारखान्याचं नाल्यात जाणारं पाणी त्या टबाइतकंच असणार होतं, म्हणून साहेब खूश. 'या प्रमाणात धोका नाही' हा कागद त्यांनी टाइप करूनच ठेवला होता. मनात काहीतरी खुपत होतं, पण काय ते कळेना. शेवटी केली सही.

त्याच संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींनी कबुली दिली. रामकुंडावर माशांना घालतात तशा कणकेच्या गोळ्या त्यांनी आदल्या दिवशी टबांत टाकल्या होत्या. उपाशी जीव बघवेना म्हणे. मी भडकलो, तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

"पहिल्या टबातल्यांनी झडप घातली, भाऊ. दुसऱ्यातल्यांनी ढुंकून बी नाय पाहिलं."

जाऊन बघतो तर दुसऱ्या टबाच्या तळाशी गोळ्या भिजून फुगलेल्या, आणि मासे एका कोपऱ्यात नुसते तरंगत होते. चार दिवस मी फक्त मेलेले मोजले होते. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नाही.

तसाच साहेबांकडे गेलो, कागद परत मागितला. मेले का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. मग झालं तर, म्हणाले, आणि कागद दुपारीच मंजुरीसाठी मुंबईला गेल्याचंही सांगितलं.

मावशी दारात थांबल्या होत्या. त्यांची वस्ती नाल्याकाठची, सगळं पाणी तिथेच वाळूत खणलेल्या झिऱ्याचं. ते चालेल ना, त्यांनी विचारलं.

"नका भरू, मावशी. पिऊ तर नकाच."



"कागदावर बी तसंच लिवलंय ना, भाऊ?"

मी हो म्हणालो.