चौथा पिंजरा

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. बसायची ती खुर्चीच्या कडेवर, तेही एक पाय दाराकडं करून. जेवताना उठायची, बोलताना चालायची. आई म्हणायची, "हिच्या बुडाला काटेच आहेत. पोटात होती तेव्हाही मला झोपू दिलं नाही."

कामही मिळालं ते जिवाला घोर लावणारं. औषधांनी यकृत बिघडतं, ते एखाद्या झाडपाल्यानं वाचतं का, हे ती प्रयोगशाळेत उंदरांवर तपासायची. या खेपेचा पाला तिच्याच घरामागच्या ओढ्याकाठचा, आईनं खुडून दिलेला. तो सावलीत वाळवायचा, कुटायचा, स्पिरिटात भिजवून गाळायचा, मग आटवायचा. तळाला डिंकासारखा काळपट अर्क उरायचा. यकृत बिघडवायला वापरायच्या त्या क्षयाच्या गोळ्या. आणि क्षय झालेला तिच्या थोरल्या भावाला. दादा वेल्डर, अंगानं रेड्यासारखा. पण गोळ्या सुरू झाल्यापासून अन्नाचा वास आला तरी तोंड फिरवायचा.

पिंजरे चार. पहिल्याला नुसतं पाणी, दुसऱ्याला गोळ्या, तिसऱ्याला गोळ्या आणि अर्क. चौथ्याला नुसताच अर्क, तोही चढ्या मात्रेत. पाल्याचीच काही बाधा होते का ते कळावं म्हणून. उंदीर फाडले तेव्हा दुसऱ्या पिंजऱ्यातली यकृतं फिकट, डागाळलेली निघाली. तिसऱ्यातली तांबूस, गुळगुळीत. भिंगरीला राहवेना. चौथ्या पिंजऱ्याचं रक्त तपासायचं राहिलं होतं. 'नुसत्या पाल्यानं काय व्हायचंय!' म्हणून तिनं ते बर्फात ठेवलं, घरी पळाली आणि दारातूनच ओरडली, "आई, आपला पाला लागू पडला!"

पुढं कामाच्या रगाड्यात ते बर्फातलं रक्त बर्फातच राहिलं.

एका सकाळी चुलीवर पातेलं रटरटताना दिसलं. वास ओळखीचा.

"आई, हे काय?"

"दादाचा काढा."

"कुणाला विचारून?"

"तूच म्हणालीस ना, लागू पडला? त्याच गोळ्या, तोच पाला. परक्या उंदरांना पाजतेस, आणि सख्खा भाऊ नको?"

"त्यांना मापून देते मी. तू मुठीनं टाकतेस!"

"मुठीनंच वाढवलंय तुला. मेलीस का?"

"भांडू नका गं," दादा खाटेवरून म्हणाला. "मला उंदरात भरती करा, पण हे जरा गोड करा. कडूजहर आहे."

"किती दिवस देतेस?"

"तू ओरडलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

भिंगरीनं पातेलं मोरीत उपडं केलं आणि चपला अडकवल्या. आईचं तोंड सुटायच्या आत ती रस्त्यावर होती.

चौथ्या पिंजऱ्याचं रक्त तिनं यंत्राला लावलं. यकृत बिघडल्याचा आकडा दुसऱ्या पिंजऱ्याच्या बरोबरीनं चढलेला. पुन्हा लावलं. तोच आकडा.

"चढ्या मात्रेला पालाच बाधतो म्हणायचा," तिचे सर म्हणाले. "बरं झालं, वेळेत कळलं."

सरांचं बरं झालं होतं. भिंगरी तशीच निघाली. घरी येऊन तिनं दादाला खिडकीत ओढलं, बोटानं पापणी ताणली. डोळा हळदीसारखा पिवळा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. आकडे पाहून चष्मा कपाळावर सरकवला. "गोळ्यांशिवाय आणखी काय घेता?"

भिंगरी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, "पाला. मी पाजला."

"मी सांगितलं म्हणून पाजला."

"तू उंदरांचं सांगितलंस. याला मी पाजला."

"ही वाटणी घरी करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाला कायमचा बंद. गोळ्याही तूर्त बंद. यकृत सावरलं की एकेक करून परत देऊ. तोवर रोगाला मोकळं रान मिळू नये, म्हणून दर आठवड्याला यायचं. हयगय नको."

बाहेरच्या बाकावर आईनं दबक्या आवाजात विचारलं, "गोळ्यांनी झालं, का माझ्या पाल्यानं?"

"कळायचं नाही."

"तुझं कामच ते ना?"

"त्याला चार पिंजरे लागतात, आई. इथं दादा एकटा."

"एकाला पोसताना तुमची दमछाक," दादा म्हणाला. "चार असते तर विकून टाकले असते."

कुणी हसलं नाही. त्यालाही अपेक्षा नव्हती.

पहिल्या आठवड्यात आकडा हलला नाही. भिंगरी घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजवत होती. आई बोलायची ती फक्त दादाशी. पुढच्या खेपेला आकडा उतरला, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी उतरला. मग डॉक्टरीणबाईंनी क्षयाच्या तीन गोळ्यांतली पहिली परत सुरू केली.

आईनं गोळी दादाच्या तळहातावर ठेवली. पेला भरून पुढं केला आणि थबकली. "पाणी तरी चालेल ना गं?"

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच भिंगरीशी बोलली होती.

"चालेल."

दादानं गोळी गिळली. भिंगरीनं लगेच त्याला उजेडाकडं वळवून पापणी खाली ओढली.

"अगं ए बये," तो म्हणाला, "गोळी अजून घशात आहे."