दहाशिवाय न उघडणारी फुलं

दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरपुढे चार खाटा मावतील एवढी बाग होती. त्या उन्हाळ्यात बाबांनी तिथे नुसता चिनी गुलाब लावला. गुलाबी, पिवळा, केशरी, पांढरा. पण ही फुलं भारी ऐटबाज. ऊन चांगलं तापल्याशिवाय उघडायचीच नाहीत, दहा वाजायचे. कॉलनीच्या बागांच्या स्पर्धेत दरवर्षी शेजारच्या सरदारजींचे झिनिया पहिले यायचे, आणि बाबांना एकदा, आयुष्यात एकदाच, तो कप हवा होता.

"अहो, परीक्षक लवकर आले तर?" आईनं विचारलं.

"बावीस वर्षं सरकारी नोकरी केली मी. अकराच्या आत सुरू झालेलं इन्स्पेक्शन अजून बघितलेलं नाही."

रविवारी सकाळी सातला परीक्षक दारात! एक रिटायर्ड साहेब आणि त्यांच्या मिसेस. मे महिना होता, उन्हाच्या आत सगळ्या बागा उरकायच्या होत्या त्यांना. आमच्या वाफ्यात सगळ्या कळ्या गच्च मिटलेल्या.

"पहले चाय," म्हणत बाबांनी दोघांना घरात ओढलं आणि आईला डोळ्यांनी खुणावलं. आईनं पोहे केले. मग थालीपीठ. मग "ऐसे कैसे, थोडा शिरा तो लीजिए." साहेब कशालाच नाही म्हणत नव्हते. मी दर पाच मिनिटांनी वाफा बघून यायचे आणि दारातून नकारार्थी मान हलवायचे.

नऊला बाबांचा धीर सुटला. "अभी आया," म्हणून ते उठले, आईच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा उचकटला आणि बाहेर जाऊन फुलांवर उन्हाचा कवडसा पाडू लागले. साहेब ढेकर देत बाहेर आले, तर बाबा बनियनवर, आरसा पोटाशी धरून, वाफ्यापुढे वाकलेले. "उघडा रे! उघडा मेल्यांनो!"

कोपऱ्यातलं एक फूल अर्धवट उघडलं होतं. साहेबांनी ते वाकून पाहिलं, वहीत काहीतरी खरडलं आणि निघून गेले. तेव्हा पावणेदहा झाले होते.

दहाला अख्खा वाफा फुलला. "गाढवं कुठली!" बाबा फुलांना म्हणाले. मला हसू आवरेना, आणि बाबांकडे बघून वाईटही वाटत होतं. कप सरदारजींकडेच गेला. बाबा आठवडाभर तोंड फिरवून झाडांना पाणी घालत होते, त्यामुळे निम्मं पाणी रस्त्यावर.

पुढच्या रविवारी आठ वाजता साहेब आणि मिसेस पुन्हा हजर. "भाभीजी के पोहे याद आ रहे थे," साहेब लाजत म्हणाले.

आई लगबगीनं आत निघाली. बाबांनी हात आडवा घातला, दोन खुर्च्या आणून वाफ्यासमोर मांडल्या.

"बैठिए. पोहे दस बजे मिलेंगे."

"अहो, काय हे!" आई कुजबुजली. बाबा ढिम्म. साहेब दोन तास घाम पुसत, पोटावरून हात फिरवत बसले. मग एक पिवळं उघडलं, शेजारची दोन गुलाबी, आणि बघता बघता वाफ्यात हिरवं दिसेनासं झालं. साहेब खुर्चीतून उठलेच.

"अरे! ये सब यहीं थे?"

बाबांनी डोळे पुसले. मग घराकडे तोंड करून ओरडले, "वाढ गं!"