मधला दात नसलेली अळी

जलशुद्धीकरण केंद्रात तिला सगळे चिलटबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं कानावर येऊ नये इतकं काही ते केंद्र मोठं नव्हतं. चार टाक्या, एक पंपघर, एक कार्यालय आणि त्याच्या टोकाला तिची प्रयोगशाळा. तिथे दगडी ओटा, दोन नळ, बाटल्यांची मांडणी आणि एक जुना सूक्ष्मदर्शक. त्याचं चाक आपोआप घसरायचं, म्हणून तिने त्याला रबरबँड गुंडाळून ठेवलं होतं. सव्वीस वर्षं ती तिथे पाणी तपासत आली होती. गढूळपणा, क्लोरीन, जंतू. वहीत तीन आकडे आणि खाली सही.

हे नाव तिला एका पेल्यामुळे पडलं होतं. एकदा एक बाई नळाच्या पाण्याचा पेला घेऊन तणतणत कार्यालयात शिरली. पेल्यात दोऱ्याएवढी लाल अळी वळवळत होती. "हे प्यायचं का आम्ही?" कारकून एकमेकांकडे बघायला लागले. ही पुढे झाली, पेला उजेडात धरला आणि म्हणाली, "ही चिलटाची अळी आहे. हे चिलट चावत नाही, रोगही पसरवत नाही. पण ती तुमच्या पेल्यात यायला नको होती. चूक आमची आहे." त्याच दिवशी तिने फाटलेली जाळी शोधून बदलून घेतली. तेव्हापासून केंद्रात कुठेही काही वळवळलं की ते तिच्या ओट्यावर यायचं.

नुसतं 'अळी आहे' म्हणून गप्प बसणं मात्र तिच्या स्वभावात नव्हतं. कुठली अळी? तिने वाचनालयातून एका जाडजूड ओळख-पुस्तकाच्या छायाप्रती काढून आणल्या, शब्दकोश शेजारी ठेवला आणि एकेक पान चावून चावून वाचलं. पुस्तकात प्रश्नांमागून प्रश्न होते. मिशीला पाच पेरं आहेत का? असतील तर इकडे जा, नसतील तर तिकडे. असं जात जात शेवटी नाव हाती लागायचं. पाच वर्षांत केंद्रातली अकरा चिलटं तिने नावानिशी ओळखली.

बारावी अळी चौथ्या टाकीत सापडली. ही टाकी सगळ्यांत जुनी, वाळूच्या थरातून पाणी झिरपवणारी. वरची चिकट साय खरवडताना फिकट हिरव्या रंगाच्या काही अळ्या निघाल्या. तिने एकीचं डोकं वेगळं करून काचेखाली ठेवलं. या अळ्यांच्या जबड्याखाली करवतीसारखी दातांची पट्टी असते आणि बरोबर मध्यावर एक दात असतो. हिला तो नव्हता. त्याच्या जागी एक स्वच्छ, गोल खाच होती. पुस्तक तेविसाव्या प्रश्नापर्यंत नीट घेऊन गेलं आणि तिथे त्याने हात टेकले. मधला दात एकेरी की तिहेरी? एवढंच त्याला विचारायचं होतं. दातच नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

"अहो, हे बघा," घरी आल्यावर तिने कागदावर काढलेलं चित्र नवऱ्यापुढे धरलं. तो शिंपी होता. पुढच्या खोलीतच त्याचं दुकान, मशीन आणि कापडांचे ढीग.

त्याने चष्मा वर सरकवला. "गळ्याला व्ही कापलाय की गोल?"

"गोल."

"दोन्ही बाजू सारख्या आहेत?"

"अगदी सारख्या."

"मग कापणाऱ्याने मुद्दाम कापलंय," तो म्हणाला आणि पुन्हा पाय मशीनवर ठेवला. "चुकून फाटलं असतं तर वाकडं फाटलं असतं."

तिने दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात चिलटांवर काम करणाऱ्या एका प्राध्यापिकेला पत्र लिहिलं, सोबत चित्र आणि तीन काचपट्ट्या. उत्तर महिन्याने आलं, सभ्य आणि थोडक्यात. जुने पाइप, त्यातले धातू, पाण्यातली रसायनं यांमुळे अळ्यांचे दात बिघडतात, ही नेहमीची गोष्ट आहे. आपल्याला मिळालेली ती विकृती आहे, नवी जात नव्हे. आपला उत्साह कौतुकास्पद आहे.

'कौतुकास्पद' हा शब्द तिला चांगलाच झोंबला. पण बाईंचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं, हेही तिला कळत होतं. रसायनांनी दात खरोखर बिघडतात. मग तिने रुसण्याऐवजी मोजायला घेतलं. रोजचं काम उरकलं की दुपारी एक तास. एकशे बारा डोकी तिने पोटॅशच्या द्रावणात साफ करून काचेवर बसवली. बिघाड असता तर कुणाचा दात डावीकडे झुकला असता, कुणाचा अर्धा असता, कुणाचा शाबूत असता. एकशे बाराच्या एकशे बारा डोक्यांना तीच गोल खाच होती.

तेवढ्यात केंद्रप्रमुख साहेबांनी फर्मान काढलं की चौथी टाकी कायमची बंद होणार. जागेवर नवं यंत्र येणार. महिनाभरात रिकामी.

ती साहेबांकडे गेली. "मला आणखी तीन महिने हवेत. या टाकीत एक वेगळी जात आहे."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. "बाई, लोकांच्या पाण्यात किडे आहेत म्हणून मी टाकी बंद करतोय, आणि तुम्ही किड्यांसाठी टाकी चालू ठेवा म्हणता. हे मी वर कसं सांगू?"

बरोबरच होतं त्यांचं. ती उठली, आणि दारापाशी पोचेपर्यंत तिच्या डोक्यात दुसराच प्रश्न उभा राहिला. ही अळी काही टाकीतच उपजली नसणार! ती आली कुठून? आणि एकाच टाकीत का?

पंपघरात तीस वर्षं काढलेल्या आबांना तिने गाठलं. आबा पाना पुसत हसले. "चौथीला नदीचं पाणी कुठे आहे? बाकी तिघी नदीच्या. चौथीला वरच्या टेकडीवरून जुना दगडी नळ येतो, झऱ्याचा."

"झरा कुठे आहे?"

"ते मात्र मला विचारू नका. नकाशा माझ्या आधीच हरवलाय."

तिला जणू घबाड मिळालं. झऱ्याचं पाणी म्हणजे नळात शिरायच्या आधीचं पाणी. ना पाइप, ना धातू, ना रसायनं. तिथे जर हीच खाच सापडली, तर विकृतीचा मुद्दाच निकालात निघाला.

पुढच्या रविवारपासून ती टेकडी पालथी घालायला लागली. पाठीवर पिशवी, पिशवीत बाटल्या, चहाची गाळणी आणि नवऱ्याने अस्तराच्या कापडाची शिवून दिलेली जाळी. पहिल्या रविवारी तिला डबकी सापडली, दुसऱ्या रविवारी ती पाय घसरून आपटली, तिसऱ्या रविवारी तासभर चालून पुन्हा त्याच झाडापाशी आली. सापडत होत्या त्या सगळ्या ओळखीच्याच अळ्या. गुडघा सुजला तसा नवरा म्हणाला, "आता पुरे कर की. टेकडी काही पळून जात नाही."

"टेकडी नाही पळत, पण टाकी तर गेली ना!" ती म्हणाली. टाकी खरंच आदल्या आठवड्यात कोरडी झाली होती.

पुढच्या रविवारी दुकानाला कुलूप लावून तोही निघाला.

आठव्या रविवारी त्यांना तो झरा सापडला. झरा कसला, एका उभ्या कातळावरून पाण्याचा पातळ पापुद्रा ओघळत होता आणि त्याखाली शेवाळ हिरवंगार माजलं होतं. खाली दगडी नळाचं तोंड अर्धं मातीत गाडलेलं. तिने शेवाळाचा चिमूटभर तुकडा बशीत धुतला आणि भिंग डोळ्याला लावलं. फिकट हिरव्या अळ्या, सात.

"मिळाल्या?" नवऱ्याने विचारलं.

"डोकी बघू द्या आधी," ती म्हणाली.

सोमवारी ओट्यावर सातही डोक्यांना खाच होती.

आता काम अर्धंच उरलं होतं, पण अवघड अर्धं. नुसत्या अळीवर नवी जात ठरत नाही. तिचं चिलट झालेलं दाखवावं लागतं, आणि तेही नर. कारण नराच्या शेपटीशी जो चिमटा असतो, त्याच्या घडणीवरून जाती ओळखल्या जातात. म्हणून तिने कातळावरून आणखी जिवंत अळ्या आणल्या, एकेका बाटलीत एकेक अळी ठेवली, बाटलीला नंबर दिला, म्हणजे अळीची कात, कोषाची कात आणि चिलट ही तिन्ही एकाच जिवाची आहेत हे सिद्ध व्हावं.

पहिल्या वीस अळ्या चार दिवसांत मेल्या. पाणी कोमट होत होतं. दुसऱ्या वीसही गेल्या. तिसऱ्या खेपेला नवरा स्वतःच म्हणाला, "ओलं कापड गुंडाळलं तर?" त्याने उरलेल्या सुती पट्ट्या कापल्या, परातीत ओली वाळू पसरली, तीत बाटल्या रोवल्या आणि पट्ट्यांची टोकं पाण्यात सोडली. परात न्हाणीघराच्या कोपऱ्यात गेली. पंधरा दिवस दोघंही अंग चोरून आंघोळ करत होती.

चिलटं निघाली. पहिलं मादी. दुसरं मादी. नऊ निघाली, नऊही माद्या! ती बाटल्यांकडे बघत बसली तेव्हा नवऱ्याने चेष्टा केली नाही. तो नुसता पट्ट्या भिजवत राहिला. दहाव्या सकाळी, कामावर निघताना, चौदा नंबरच्या बाटलीत पाण्यावर एक रिकामी कात तरंगत होती आणि कापडाच्या झाकणाला उलटं टेकून एक चिलट बसलं होतं. त्याच्या मिशा पिसासारख्या फुललेल्या होत्या, फक्त नरांच्या असतात तशा.

"अहो! नर! नर आहे!"

शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, "कुणाला मुलगा झाला?"

चिलटाची लांबी तीन मिलिमीटर. त्याचे पंख, डोकं, धड आणि शेपटी वेगवेगळं करायचं होतं आणि त्याला दुसरी संधी नव्हती. तिने नवऱ्याची सगळ्यांत बारीक सुई मागून घेतली. श्वास रोखून तिने ते काम केलं, सव्वा तास. काचेखाली शेपटीचा चिमटा दिसला. आतल्या बाजूला आकड्यासारखा वळलेला, पुस्तकातल्या एकाही चित्राशी न जुळणारा.

तिने सगळं प्राध्यापिकेला पाठवलं. या वेळी पत्र आलं नाही. बाई स्वतः आल्या. दिवसभर त्या घसरत्या चाकाच्या सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्या, मग ताठ झाल्या आणि म्हणाल्या, "मी चुकले होते. हे मी लेखी देते."

"लेखी नको. लेख कसा लिहायचा ते शिकवा."

लेखाला चौदा महिने लागले. चित्रं तिने काढली, मापं तिने घेतली. भाषा बाईंनी तासून दिली. संशोधनपत्रिकेच्या परीक्षकांनी दोनदा परत पाठवला. एकाने विचारलं, लेखिका कुठल्या विद्यापीठाची? दुसऱ्याने विचारलं, आणखी नर कुठे आहेत? पहिल्याला तिने केंद्राचा पत्ता दिला. दुसऱ्यासाठी ती पुन्हा कातळावर गेली. संध्याकाळच्या उजेडात चिलटांचा थवा कातळासमोर वरखाली होत होता. तिने अस्तराची जाळी फिरवली आणि आणखी सहा नर आणले.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा नवरा म्हणाला, "एवढी कापडं भिजवली, माझं नाव दे की."

"तीन मिलिमीटरचं आहे ते. तुमचं पोट मावायचं नाही त्यात."

तिने लॅटिनमध्ये 'खाचेचा' या अर्थाचं नाव दिलं. पुढे ज्याला कुणाला ही अळी सापडेल, त्याला नावावरूनच कळावं की कुठे बघायचं.

लेख छापून आला, पहिलं नाव तिचं. साहेबांनी त्याची एक प्रत सूचनाफलकावर लावली आणि दगडी नळाच्या तोंडाभोवतीचा कातळ नव्या यंत्राच्या पाइपसाठी टेकडीवर होणाऱ्या खोदकामातून वगळा, असा शेरा स्वतःच्या हाताने लिहिला.

नियमाप्रमाणे नव्या जातीचा मूळ नमुना, म्हणजे चौदा नंबरचा नर, संग्रहालयात द्यायचा होता. टपालावर तिचा विश्वास नव्हता. सुट्टी काढून, बसमध्ये सहा तास मांडीवर डबी धरून ती स्वतः गेली. संग्रहपालाने नोंदवही उघडली. "हुद्दा?"

"पाणी तपासनीस."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, मग ते तसंच लिहिलं, काचपट्टीवर क्रमांक घातला आणि ती खणात आडवी सरकवली. तिने खण पूर्ण बंद होईपर्यंत पाहिलं, पोचपावती पिशवीत ठेवली आणि परतीची बस किती वाजता आहे, ते विचारलं. सकाळची पाणी तपासणी तिची होती.