यॉर्कच्या बसथांब्यावर

यांचं विसरणं मी दोन वर्षं लपवून ठेवलं होतं. आधी शेजाऱ्यांपासून, मग यांच्या भावापासून आणि सगळ्यात जास्त आमच्या एकुलत्या एका मुलीपासून. गौरी केंब्रिजला संशोधनाच्या नोकरीत आहे. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याआधी अर्धा तास मी यांची उजळणी घ्यायचे. आज वार कोणता, जावई कुठे नोकरीला, मागच्या रविवारी काय बोलणं झालं. हे पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं इंजिनिअर होते. धरणाच्या भिंतीचे आकडे आजही यांना तोंडपाठ आहेत, पण सकाळी चहा घेतला की नाही ते आठवत नाही. कॉलवर अडखळले की मी मध्येच बोलायचे, "अगं, यांना आता नीट ऐकू येत नाही." गौरी विश्वास ठेवायची.

आमच्या घरी दत्ताची उपासना आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज सकाळी माळ ओढते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा काही महिने मी, यांना बरं कर, एवढंच मागत होते. हे बरं होणारं नाही, सावकाश वाढतच जाणार, असं त्यांनी स्पष्ट केल्यावर माझं मागणं बदललं. आता मी म्हणू लागले, कुणाला कळू देऊ नकोस. हे लिहायला आज लाज वाटते, पण तेच खरं आहे. जप चालू असायचा आणि मनात मात्र आज काय काय झाकायचं याची यादी. ऐकणारं कुणी आहे का, अशी शंकाही याच काळात मनात यायला लागली होती. तसं मी कुणापाशी बोलले नाही.

यंदा एप्रिलमध्ये गौरीने आम्हाला महिनाभर बोलावून घेतलं. पहिले दहा दिवस निभावले. मग एका शुक्रवारी तिने हौसेने आमची यॉर्कची तिकिटं काढली. बाबांना जुनी बांधकामं आवडतात, ते शहर जुन्या तटबंदीतलं आहे, तुम्ही दोघंच मस्त फिरून या, असं तिचं म्हणणं. तिला लॅबमधून सुट्टी नव्हती. नको म्हटलं तर कारण द्यावं लागलं असतं. म्हणून गेलो.

सकाळ इतकी चांगली गेली की माझीच भीती मला खोटी वाटायला लागली. स्टेशनपासून थोडं चाललं की पायऱ्या आहेत, त्या चढून तटावर जाता येतं. खाली उतारावर पिवळी डॅफोडिल्स फुलली होती. हे दर दहा पावलांवर थांबून दगडांच्या सांध्यांवरून हात फिरवत होते. भिंतीतलं पाणी निघून जायला छिद्रं कुठे ठेवली असतील, चुन्यात काय कालवलं असेल, मला समजावत होते. यांचा तो आवाज मी फार दिवसांनी ऐकला. मग आम्ही मोठ्या चर्चच्या आत बसलो, रंगीत काचांमधून येणारं ऊन बघितलं. माड्या पुढे झुकलेल्या एका अरुंद गल्लीतून फिरलो. एका चौकातल्या बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. खाता खाता यांनी तीनदा विचारलं, "पुण्याची गाडी किती वाजताची?" मी तीनदा सांगितलं, "अजून वेळ आहे."

जेवण झाल्यावर मला स्वच्छतागृहात जायचं होतं. ते समोरच होतं. मी म्हटलं, "अहो, इथेच बसा हं. उठू नका. मी आलेच." हे म्हणाले, "मी कुठे जातोय?" आत रांग होती. सात-आठ मिनिटं लागली असतील. बाहेर आले तर बाक रिकामा. यांचा फोन माझ्याच पर्समध्ये होता, कारण हे तो कुठेही ठेवून यायचे.

आधी मी चौकातच फिरले. मग चर्चच्या दाराशी, त्या अरुंद गल्लीत, तटाच्या पायऱ्यांपाशी. मरून रंगाचा मफलर घातलेले एक वयस्कर भारतीय गृहस्थ पाहिलेत का, असं दिसेल त्याला विचारत होते. लोक थांबून ऐकायचे आणि मान हलवायचे. शहराच्या मधून नदी वाहते, तिच्या काठावर जाऊन दोन्ही बाजूंना पाण्यात बघून आले. पुलाच्या तोंडाशी एक पोलीस उभा होता. त्याच्याकडे जायला मी निघाले आणि चार पावलांवरून वळून दुसरीकडे गेले. पोलिसाला सांगितलं तर गौरीला कळणार. माझा नवरा परक्या शहरात हरवला होता आणि मी हा विचार करत होते.

तेवढ्यात गौरीचाच फोन आला. "आई, एन्जॉय करताय ना? बाबा टायर्ड नाही ना झाले?"

"नाही गं. मजेत आहेत. फोटो काढताहेत."

फोन ठेवला. शेजारीच बसथांबा होता, तिथल्या बाकड्यावर मी बसले. उठून आणखी शोधायला हवं हे कळत होतं, पण पाय उचलेनात. माळ बाहेर काढली, तर मंत्राचे पहिले शब्दच आठवेनात. चाळीस वर्षांचा जप आणि ऐन वेळी तोंडातून एक अक्षर निघेना. यांचं रोज असंच होत असेल, असं पहिल्यांदाच वाटलं. मी मनात एवढंच म्हटलं, महाराज, मला जमत नाही. मला आता हे एकटीला जमत नाही.

त्यानंतर मी गौरीला फोन लावला. "गौरी, मी मघाशी खोटं बोलले. बाबा हरवलेत. तास होऊन गेला. त्यांना आठवत नाही काही. दोन वर्षं झाली." तिने आधी थांब्याचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाली, "आई, तू आहेस तिथेच थांब. हलू नकोस. मी पोलिसांना फोन करते आणि निघते."

फोन अजून कानाला होता आणि समोर बस येऊन थांबली. दार उघडलं. अगदी पुढच्या सीटवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून हे बसले होते. मफलर व्यवस्थित गुंडाळलेला. मला बघून म्हणाले, "अगं, कुठे होतीस तू? चल, जागा आहे."

बस चालवत होत्या त्या बाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी इंजिन बंद केलं आणि बाहेर येऊन माझ्याजवळ बसल्या. त्यांचं यॉर्कशायरचं इंग्लिश मला पूर्ण कळलं नाही, पण बरंचसं कळलं. हे याच थांब्यावर चढले होते. यांनी पुण्याचा ज्येष्ठ नागरिकांचा बसपास दाखवला. बाई हसल्या आणि यांना बसू दिलं. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले तरी हे उतरेनात. कुठे जायचंय विचारलं, तर म्हणाले, बायको येतेय. बाईंनी यांना पुढच्या सीटवर बसवलं, ऑफिसला कळवलं आणि, जिथे चढले तिथेच कुणीतरी शोधत असेल, म्हणून यांना परत घेऊन आल्या.

मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून, तिकडे अनोळखी माणसालाही मायेने म्हणतात तसं म्हणत विचारलं, "हे असं किती दिवसांपासून आहे, लव्ह?"

"दोन वर्षं," मी म्हटलं. एका दुपारी दुसऱ्यांदा ते शब्द उच्चारले. पहिल्या वेळेइतके जड नव्हते.

त्यांच्या आईलाही हाच आजार होता. यांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद कायम ठेवा, असं त्यांनी सांगितलं. आणि म्हणाल्या, एकटीने करू नका, मी केलं होतं, मग मीच आजारी पडले. आत बसलेले प्रवासी थांबले होते. कुणी कुरकुर केली नाही. हे उतरले, बाईंना वाकून नमस्कार केला आणि मराठीत म्हणाले, "गाडी फार छान चालवता तुम्ही." बाईंनाही अर्थ कळला असावा. बस निघून गेली. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

ती बस तिच्या नेहमीच्या मार्गाने, नेहमीच्या वेळेला आली, हे मला माहीत आहे. मी फोन केला नसता तरी ती आलीच असती. त्या शहरात किती बसथांबे असतील आणि माझे पाय नेमके त्याच थांब्याजवळ का गळाले, याचा मी फार विचार करत नाही. मला दिसतं ते एवढंच की इतके दिवस मी, कळू देऊ नकोस, असं मागत होते आणि ते मागणं त्या दिवशी नामंजूर झालं. तीच कृपा होती.

बाबा सापडल्याचं फोनवरच कळल्यामुळे गौरी आम्हाला घ्यायला पीटरबरो स्टेशनवर आली. केंब्रिजसाठी तिथे गाडी बदलायची असते. आधी बाबांना मिठी मारली. मग माझ्याकडे बघून रागाने म्हणाली, "दोन वर्षं, आई? मी काय कुणी परकी आहे?" घरी पोचेपर्यंत ती सगळा वेळ बाबांचा हात हातात धरून बसली होती. त्यांनी तिला तटाच्या भिंतीबद्दल सगळं सांगितलं, दोनदा. तिने दोन्ही वेळा नीट ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा ती स्वयंपाकघरात पुण्याला काकांशी फोनवर बोलत होती, दिवसा घरी कोण येऊ शकेल ते विचारत होती. मला बघून तिने चहाचा कप पुढे सरकवला.

आता आम्ही पुण्यात आहोत. यांच्या भावाला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना माहीत आहे. आजार वाढतोय, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच. मी सकाळी देवापुढे बसते तेव्हा हेही येऊन शेजारी बसतात. कधी कधी विचारतात, "हा देव कोणता गं?" मी नाव सांगते. हे हात जोडतात आणि माझ्याकडे बघतात, बरोबर जोडलेत ना, म्हणून. मी मान हलवते आणि मग मीही हात जोडते.