फाटकातलं बोलणं

आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं कधी घरात झालंच नाही. ते व्हायचं रेल्वे फाटकात. वसमतच्या फाटकापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. मुलगा पुण्याला परत निघाला की त्याची गाडी फाटकात हमखास अडकायची आणि मी पदराला हात पुसत तिथवर जायची. गाडीच्या खिडकीतून मग खरं ते निघायचं. सुनेला दिवस गेलेत, नोकरी बदलतोय, वडिलांचे रिपोर्ट चांगले नाहीत. घरात दोन दिवस नुसतं ‘अजून घे’ आणि ‘बास’.

त्या फाटकावर उड्डाणपूल होणार, हे आम्ही कित्येक वर्षं ऐकत होतो. एकदा मोजणीवाले खरंच तिपाई घेऊन आले आणि आमच्या भिंतीवर लाल खूण करून गेले. आमचे हे तोवर वारलेले होते. शेजारणी रडल्या. मुलगा आला, खूण बघितली, आणि जाताना फाटकात म्हणाला, "आई, घर गेलं तर तू आमच्याकडंच यायचं. एकटीनं काहून राहायचं?"

त्यानंतर शेजारणींसोबत मीही पदर डोळ्याला लावायची, पण ते चारचौघांत बरं दिसावं म्हणून. आतून मी आनंदात होते.

परसात दरवर्षी दोन सऱ्या हळद लावायची. बेणं सासूबाईंपासून चालत आलेलं. आमच्या भागात बाई बाकी काहीही देईल, घरचं बेणं संपवून देत नाही. मी कुरुंद्याच्या नणंदेला सगळं देऊन टाकलं.

"वैनी, समदंच काहून देऊन राहिल्या?"

"पुण्यात काय फरशीवर लावू?" मी म्हटलं.

मग नकाशा बदलला. पूल जरा पलीकडे सरकला. समोरची ओळ गेली, आमचं घर राहिलं. लोक पेढे मागायला लागले. मुलाचा फोन आला, "बरं झालं ना, आई?" मी म्हटलं, "व्हय, बरं झालं." असलं नशीब वैऱ्यालाही मिळू नये.

खांबांसाठी जमीन खोदायला यंत्र लागलं की मांडणीवरची भांडी थरथरायची. समोरच्या बायका दूर नव्या वस्तीत गेलेल्या. बोलायला कोणी नाही, म्हणून मी भांड्यांनाच दटावायची. क्रेननं तुळया चढवल्या त्या दिवशी अख्खं वसमत माना वर करून उभं होतं. मी ओट्यावर बसून तांदूळ निवडले. मला त्या पुलाचा राग आला होता.

पूल सुरू झाला, फाटक कायमचं बंद झालं. दिवाळीला मुलगा आला, नातीला पुलावरून उगाच फिरवून आणलं. निघताना पाया पडला. "काही लागलं तर सांग."

"न्हाई, काही न्हाई."

फाटकात सांगू, असं मनात होतं. इतक्या वर्षांची सवय. घर उभं असलं तरी मला ने, एवढंच सांगायचं होतं. पदराला हात पुसत गेले, तर तिथे भिंत. डोक्यावरून गाड्या जात होत्या. त्यातली त्याची कोणती, ते खालून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी नणंदेला फोन केला. म्हटलं, यंदा हळद काढशील तेव्हा टोपलंभर बेणं माझ्यासाठी ठेव.