कोयनेल आणि बहिरी नवरी

धुळ्याच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला लागून मला थोडेच महिने झाले होते, पण तोरा मात्र मेट्रनचा. वर्गात नुकतंच शिकले होते की औषध रोगाला मारतं तसं रोग्यालाही थोडं चावतं. हिवतापावरचं कोयनेल, म्हणजे क्विनाईन, जास्त झालं की कानात घुं घुं होतं, ऐकू कमी येतं. हे वॉर्डात कधी एकदा बघायला मिळतं, असं मला झालं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणतात, ते हेच.

आणि मिळालं! साक्रीकडची एक नवी नवरी हिवतापाने आली होती. अंगाची हळदही उतरली नव्हती. दुसऱ्या दिवशी कडू मिक्श्चरचा पेला घेऊन मी कागदावरचं नाव वाचलं आणि दारातूनच हाक मारली. ती खिडकीबाहेर बघत बसली. मी आणखी मोठ्याने हाक मारली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठली, पण नवरी ढिम्म. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पेला तिथेच ठेवून मी सिस्टरांना सांगायला धावले आणि जाता जाता व्हरांड्यात बसलेल्या तिच्या सासूलाही माझं ज्ञान ऐकवलं. औषध थांबलं की कान बहुधा पूर्ववत होतात, हे सांगायचं तेवढं राहिलं.

सिस्टरांना घेऊन परतले तर सासू सुनेचं गाठोडं बांधत होती.

"बहिरी सून काय कामनी? तिना बापकडे धाडी देसू," ती म्हणाली.

नवरी हुंदके द्यायला लागली. माझ्या हुशारीपायी एका पोरीचा संसार मोडणार होता, आणि ताप अंगात असताना तिचं औषधही सुटणार होतं.

सिस्टर आम्हाला औषधं शिकवायच्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "ही बहिरी आहे, तर मग काय ऐकून रडते?"

मग त्यांनी मला नियम म्हणायला लावला. पेला देण्याआधी रोग्याला त्याचं नाव विचारायचं, आपण सांगायचं नाही. मला तो पाठ होता. पण नाव कागदावर असताना विचारायचं कशाला, म्हणून मी तो कधी पाळला नव्हता. सिस्टर नवरीच्या पाठीमागे गेल्या आणि त्यांनी हळूच नाव विचारलं. तिने लगेच सांगितलं. कागदावरचं नाव निराळंच होतं.

"ते नाव सासरनं शे, अक्का," ती डोळे पुसत म्हणाली. "ध्यानमा राहत नई."

सासूने गाठोडं सोडलं आणि पदराआड हसून घेतलं. नवरीने तोंड वाकडं करत औषध घेतलं. मला वाटलं, स्वतःचं नाव विसरणारी ही कसली वेंधळी पोरगी.

पुढे माझंही लग्न झालं, जळगावात. चौथ्या-पाचव्या दिवशी मी भाजी निवडत बसले होते आणि सासूबाई आतून कुणाला तरी सारख्या हाका मारत होत्या. एवढ्या हाका ऐकूनही ओ न देणारी ही कोण बया, म्हणून मी मान वर केली. सगळं घर माझ्याकडेच बघत होतं.